बरोब्बर दोन वॅट

सैल कपडा शिवणं मास्तरांच्या लेखी चोरीपेक्षा वाईट होतं. चोरीला निदान काही कसब लागतं, असं ते म्हणत. उभा जन्म त्यांनी शिंपीकाम केलं आणि पोट सुटलेल्या मंडळींना उभा जन्म धाकात ठेवलं. त्यांच्याकडे माप द्यायला जाताना शहाणा माणूस दाराबाहेरच श्वास सोडून घ्यायचा. आत जाऊन ऐटीत पोट ओढून उभं राहिलात, की मास्तर तेच माप धरत, आणि मग तो कोट अंगात असेपर्यंत पोट ओढूनच हिंडावं लागे. तक्रार केलीत तर मास्तर चष्म्यावरून बघत म्हणत, "कपडा मापाला शिवलाय. तुम्ही मापाबाहेर गेलात, त्याला मी काय करू?"

शिवणीच्या आत बोटभर कापड जास्तीचं सोडायची शिंप्यांची जुनी रीत आहे. उद्या माणूस सुटला तर उसवून सैल करता येतं. मास्तरांना ती रीत म्हणजे आपल्याच हातावरचा अविश्वास वाटे. त्यांच्या शिवणीत जास्तीचं काही नसे. ज्याचा कोट त्याला बसे, आणि तो बसलेला माणूस उठताना मात्र जपून उठे.

पुढे दुकान पुतण्याकडे गेलं. पुतण्याने तिथे तयार कपडे टांगले, लहान, मध्यम आणि मोठा अशा तीनच मापांत, आणि जगातली सगळी माणसं त्या तिनांत कोंबली. त्या दिवसापासून मास्तरांनी दुकानाची पायरी सोडली आणि घरातल्या मागच्या खोलीत व्हॉल्व्हचे अँप्लिफायर बनवायला घेतले. तरुणपणी दुकानात व्हॉल्व्हचा रेडिओ होता; तो आवाज कानात राहिला होता. काचेचे ते दिवे आधी लाल होतात, जरा वेळ विचार करतात, मग गातात. हल्लीच्या यंत्रांसारखं बटण दाबताच ओरडत नाहीत. मास्तरांना हे सभ्यपणाचं लक्षण वाटे.

या कामात रेझिस्टर नावाची एक शेंगदाण्याएवढी वस्तू लागते. विजेच्या वाटेत उभं राहून तिला अडवायचं, एवढंच तिचं काम. अडवणारा तापतो, हे घरात काय नि सर्किटात काय, सारखंच. कोणता रेझिस्टर किती ताप सोसेल हे वॅटमध्ये सांगतात, आणि वॅट निवडण्याचा एक नियम आहे. या विषयावरची पुस्तकं एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण या एका मुद्द्यावर सगळ्यांचं एकमत असतं: हिशोब जितका येईल त्याच्या निदान दुप्पट घ्या. सुटे भाग विकणारा दुकानदारही तेच सांगे.

"दुप्पट का?" मास्तरांनी त्याला विचारलं होतं.

"असू द्यावं जरा सैल."

झालं. तो शब्द त्याने उच्चारायला नको होता.

मास्तर घरी आले, कागद घेतला आणि हिशोब केला. चारशे व्होल्टचा दाब, ब्याऐंशी हजार ओमचा रेझिस्टर. चारशे गुणिले चारशे, भागिले ब्याऐंशी हजार. उत्तर एक पूर्णांक पंचाण्णव शतांश वॅट. बाजारात दोन वॅटचा मिळत होता. कॉलरमध्ये एक बोट जावं तेवढी जागा उरत होती. याहून चांगलं माप ते काय असणार? बरोबर आलेल्या उत्तराला उगाच दोनाने गुणायचं, तर आधी उत्तर काढायचंच कशाला?

आता हा जो विशिष्ट रेझिस्टर होता, त्याचा आवाजाशी काही संबंध नव्हता. अँप्लिफायरच्या पोटात डब्यांसारखे कंडेन्सर असतात. ते विजेच्या टाक्या. वरून वीज बंद केली तरी टाक्या भरलेल्याच राहतात. त्या हळूहळू रिकाम्या करणारं भोक म्हणजे हा रेझिस्टर. तो शाबूत असेपर्यंत पेटी बंद केल्यावर थोड्या वेळात निर्धोक होते. तो जळाला, तर काहीच होत नाही. गाणं वाजत राहतं, पहिल्याइतकंच गोड. फक्त टाकीचं भोक बुजलेलं असतं, आणि ते बाहेरून कुणाला दिसत नाही.

मास्तरांनी एकाच पट्टीतले रेझिस्टर कापून अँप्लिफायरच्या दोन जुळ्या पेट्या बनवल्या. एक घरी ठेवली. दुसरी व्याह्यांना भेट दिली.

व्याही म्हणजे लेकीचे सासरे. ते घड्याळजी होते आणि सगळे त्यांना घड्याळजीच म्हणत. माणूस हसरा, दिलदार, आणि आठवणीचा अतिशय पक्का. लग्नात मास्तरांनी त्यांना स्वतः शिवलेला कोट घातला होता. फोटोवाला म्हणाला, व्याह्यांच्या खांद्यावर हात ठेवा. घड्याळजींनी हात उचलला, आणि भर मांडवात काखेखालचा मुंढा दर्रकन उसवला. फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत. मास्तर एकटे काखेकडे बघताहेत. तेव्हापासून दोन्ही घरं एकत्र आली की जेवणं उरकताच घड्याळजी हात वर करत आणि तोंडाने "दर्र" असा आवाज काढत. मंडळी हसत. मास्तरही हसत. घरी गेल्यावर मात्र त्यांना झोप लागत नसे.

एक दिवस सकाळी लेकीचा फोन आला.

"बाबा, तुमची पेटी गुणगुणतेय."

"गाणं लावलं असेल."

"गाणं नसतानाच गुणगुणतेय. पप्पा म्हणतात, आज हातातलं काम संपलं की उघडून बघतो." सासऱ्यांना ती पप्पा म्हणत असे.

"खुशाल बघू देत," मास्तर म्हणाले. "म्हणावं, आत लाजण्यासारखं काही नाही."

फोन ठेवल्यावर मात्र त्यांना राहवेना. काय गुणगुणत असेल? घरची पेटी जुळीच होती. हिला जे होऊ शकतं तेच तिला झालं असणार. त्यांनी ती टेबलावर घेतली. व्हॉल्व्ह उपसून बाजूला ठेवले, नुसतीच पेटी चालू करून ट्रान्सफॉर्मरला कान लावला, बंद केली, प्लग काढला. बायकोने चहाला हाक मारली म्हणून चहा घेतला, वर्तमानपत्रातले मथळे वाचले, सरकारला नावं ठेवली. मग परत येऊन पेटी उलटी केली, तळाचा पत्रा काढला आणि एक तार जरा बाजूला सारायला स्क्रू ड्रायव्हर आत घातला.

बंदुकीचा बार निघावा तसा आवाज झाला. निळा लोळ दिसला की भास झाला, हे त्यांना नंतर सांगता आलं नसतं. ते खुर्चीसकट भिंतीशी जाऊन आदळले होते.

"काय फुटलं?" बायको धावत आली.

"काही नाही. स्क्रू ड्रायव्हर."

"स्क्रू ड्रायव्हर फुटतो?"

मास्तरांनी तो उजेडात धरला. पोलादी टोकाला उंदराने कुरतडावं तशी खाच पडली होती. पेटीचा प्लग भिंतीपासून हातभर लांब, जमिनीवर मेलेल्या शेपटासारखा पडला होता.

त्यांनी वीज मोजायचा मीटर आणला. एक हात पाठीमागे बांधल्यासारखा ठेवून, एका हाताने, त्या रेझिस्टरच्या दोन टोकांना मीटरच्या तारांच्या अणकुचीदार टोकण्या लावल्या. मीटर काही बोलेना. वाट बंद. रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे करपून एकच तपकिरी झाले होते, आणि मधोमध केसाएवढी चीर होती. तो कधी जळाला असेल? कालही असेल, वर्षापूर्वीही असेल. पेटीने एका सुरानेही सांगितलं नव्हतं.

हिशोब चुकला नव्हता. तिथेच तर गोम होती. दोन वॅट म्हणजे मोकळ्या, गार हवेत दोन वॅट. बंद पत्र्यात, तापलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या बगलेत बसवलं की त्याचं बळ तेवढं राहत नाही. हँगरवर बसतो तो कोट अंगावर बसेलच असं नाही, हे शिंप्याला कुणी सांगायला हवं होतं का?

आणि मग त्यांना दुसरी पेटी आठवली. तीच पट्टी, तेच माप, तोच पत्रा. घड्याळजी आज ती उघडणार होते. घड्याळजींच्या हातात पोलादी चिमटा असे, डोळ्याला भिंग असे, आणि नाक कामापासून वीतभरावर असे.

मास्तरांनी फोन उचलला. घड्याळजीच बोलायला आले.

"बोला व्याहीबुवा! पेटी टेबलावर घेतोच आहे आता."

"उघडू नका."

"का हो?"

चार शब्दांचं काम होतं. माझं माप चुकलं आहे. मास्तरांनी तोंड उघडलं, आणि त्यांना कानात "दर्र" असा आवाज ऐकू आला. कोटानंतर आता पेटीही. जन्मभर, प्रत्येक जेवणानंतर, एका हाताने काख आणि दुसऱ्या हाताने पेटी.

"नाजूक जुळणी आहे आतली," ते म्हणाले. "हलली तर आवाज बिघडेल."

"मास्तर, केसापेक्षा बारीक स्प्रिंग हाताळतो मी. तुमची जुळणी-बिळणी मला काय सांगता?"

"मी येतो. मी आलो की आपण दोघं मिळून उघडू."

"या की! पण पेटी बोलावतेय म्हणून येऊ नका, नातीसाठी या. तोवर मी पूर्वतयारी करतो."

"पूर्वतयारी नको!"

पण घड्याळजींनी फोन ठेवला होता. काम करताना ते घरातले सगळे फोन बाहेरच्या खोलीतल्या खणात टाकत. लक्ष विचलित होतं म्हणून.

बायको दारात उभी होती. तिने पेटीकडे पाहिलं, स्क्रू ड्रायव्हरकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. शिंप्याची बायको असल्यामुळे उसवलेलं काय आहे हे तिला लांबून कळे.

"त्यांच्याकडेही असंच झालंय का?"

"झालं असेल. नसेलही."

"मग सांगितलं का नाही?"

"फोनवर काय सांगायचं असलं?"

"का? फोनला कळलं तर तो हसेल?" ती म्हणाली. "माझी लेक आहे त्या घरात. नात रांगत रांगत कुठेही जाते. निघा, चपला घाला."

मास्तरांनी चपला घातल्या. दुकानदाराने एकदा हट्टाने गळ्यात मारलेला पाच वॅटचा रेझिस्टर खणात पडून होता. तो खिशात टाकला, मीटर पिशवीत टाकला आणि बस पकडली.

बसमध्ये त्यांनी वाक्यं जुळवायला घेतली. पहिलं वाक्य असं होतं: "व्याहीबुवा, त्या भागाच्या कंपनीने फसवलं." हे चांगलं होतं, फक्त खोटं होतं. दुसरं असं: "हवामानामुळे होतं कधीकधी." शेजारी बसलेल्या बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा आपण मोठ्याने बोलतोय हे त्यांच्या लक्षात आलं. शेवटी त्यांनी सरळ मार्ग काढला. काही सांगायचंच नाही. जायचं, व्याह्यांना काहीतरी आणायला आतल्या खोलीत पाठवायचं, तेवढ्यात टाकी रिकामी करायची, जुना रेझिस्टर काढून नवा लावायचा. कुणाला पत्ता लागणार नाही, कुणाला इजा होणार नाही. त्यांना स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. बस मात्र चौकात अडकली ती अडकलीच.

तेवढ्यात फोनवर लेकीने फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं: "पप्पांचं ऑपरेशन सुरू." पेटी टेबलावर उलटी पडली होती. व्हॉल्व्ह निळ्या मखमलीवर एका रांगेत निजवले होते. आणि टेबलाच्या कडेवर, फोटोच्या अगदी कोपऱ्यात, चार छोटी बोटं दिसत होती. उभं राहायला शिकणारं मूल आधार धरतं तशी.

मास्तरांनी लेकीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. फोटो पाठवून झाल्यावर तिचाही फोन खणात गेला होता.

ते बसमधून उतरले आणि चालत सुटले. पुढे धावले. शिंप्यांना धावायची सवय नसते. बसून बसून त्यांचे पाय बसण्याच्याच मापाचे झालेले असतात.

घड्याळजींचं दुकान पुढे आणि घर मागे. दुकानात भिंतभर घड्याळं होती आणि एकाचंही दुसऱ्याशी पटत नव्हतं. ती सगळी टिकटिक ओलांडून मास्तर मागच्या खोलीत शिरले आणि उंबऱ्यातच थिजले. पेटीचा तळ उघडा होता. घड्याळजी तिच्यावर वाकले होते, डोळ्याला भिंग, उजव्या हातात चिमटा, आणि डावा पंजा आरामात पेटीच्या पत्र्यावर टेकलेला. विजेने माणसाच्या छातीतून जायचं ठरवलं तर तिला याहून सरळ रस्ता कुणी आखून दिला नसता. नात जावयाच्या कडेवर होती. निदान तेवढं तरी.

"आलात? बघा, वेळेवर आलात," घड्याळजी मान वर न करता म्हणाले. "दिवे काढले, मग चालू करून पाहिली. दिवे नसतानाही गुणगुण तीच! म्हणजे रोग पोटात आहे. म्हटलं, पोट उघडू."

दिवे काढून चालू केली होती. व्हॉल्व्ह जागेवर असते तर त्यांनी थोडीतरी वीज पिऊन टाकली असती. आता टाक्या काठोकाठ भरून बसल्या असणार.

"व्याहीबुवा, जरा पाणी मिळेल?"

"सूनबाई, पाणी आण गं बाबांना." घड्याळजी जागचे हलले नाहीत. चिमटा आत शिरू लागला.

"तुम्ही आणा ना."

"मी?" आता मात्र त्यांनी मान वर केली. "पाण्याची चव बदलते का माझ्या हाताने?"

"आधी चिमटा बाहेर काढा. आत वीज आहे."

"प्लग काढलाय, मास्तर. हा बघा." त्यांनी चिमट्यानेच जमिनीकडे खूण केली आणि चिमटा परत पेटीत नेला. "मेलेली आहे."

"मेलेली नाही. तुमच्या घड्याळाची स्प्रिंग असते तसं आहे ते. चावी दिलेली."

"स्प्रिंग मला दिसते. मग मी ती आधी उतरवतो. इथे मला काही दिसत नाही. आणि मघाशी तर म्हणत होतात नाजूक जुळणी आहे. आता म्हणता वीज आहे. मला वाटतं, आतली शिवण दाखवायची लाज वाटतेय तुम्हाला." ते खदखदून हसले, भिंग नीट बसवलं, आणि चिमट्याचं टोक त्या मोठ्या कंडेन्सरच्या डोक्याकडे सरळ खाली येऊ लागलं.

"माझं माप चुकलंय!" मास्तर ओरडले.

चिमटा थांबला.

"काय म्हणालात?"

"आतला एक रेझिस्टर मी लहान मापाचा लावलाय. दोन वॅटचा. दुप्पट लावायला हवा होता. घरचा जळाला. हाही जळाला असणार. हात काढा, घड्याळजी, पाया पडतो."

घड्याळजींनी हात काढला. पण डावाच. भिंग कपाळावर सरकवलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जो आनंद पसरला तो लग्नाच्या फोटोतही नव्हता.

"परत म्हणा."

"माप चुकलं."

"थांबा, थांबा. अगं, बाहेर ये! सूनबाई, तूही ये. मास्तर काय म्हणतायत ऐका." त्यांची बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली, लेक पाण्याचा पेला घेऊन आली. "हं. आता म्हणा."

"माझं माप चुकलं," मास्तर तिसऱ्यांदा म्हणाले. उजव्या हातातला चिमटा अजून उघड्या पेटीवर झुलत होता आणि त्यांची नजर त्यावरून हलत नव्हती. तो खाली जात नाही तोवर ते हे वाक्य संध्याकाळपर्यंत म्हणायला तयार होते. बसमधली सगळी वाक्यं वाया गेली होती. पण गंमत अशी, की छातीवरचा घट्ट कोट कुणी उसवावा तसं त्यांना मोकळं वाटत होतं.

"चिमटा ठेवा आता," ते म्हणाले. "दाखवतो किती वीज आहे ती."

मास्तरांनी पिशवीतून मीटर काढला. डावा हात पाठीमागे नेला. सगळे एक पाऊल मागे सरले. जावयाने मुलीला दारापर्यंत नेलं. टोकणी कंडेन्सरला लागली.

मीटरने तीन व्होल्ट दाखवले.

मास्तरांनी टोकणी काढून परत लावली. तीन. मग अडीच.

"किती?" घड्याळजींनी विचारलं.

"तीन."

"तीनशे?"

"तीन."

हसता हसता घड्याळजींना खुर्ची धरावी लागली. "तीन! अहो, एवढ्यात तर मनगटावरचं घड्याळही जेमतेम चालेल! मास्तर, तुम्ही मला घाबरवून मारलं असतंत!" त्यांची बायको हसली, जावई हसला, मोठे हसतात म्हणून नातही हसली. लेक तेवढी हसली नाही. ती बापाकडे बघत होती.

"म्हणजे तुमचा तो रेझिस्टर शाबूत आहे," घड्याळजी डोळे पुसत म्हणाले.

"इथला शाबूत दिसतोय."

"मग माप बरोबर होतं की!" घड्याळजी उठले. त्यांनी मास्तरांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. आणि आता ते जे बोलले ते मास्तरांनी किती रात्री पडल्या पडल्या ऐकलं होतं, ते त्यांचं त्यांना ठाऊक. "ऐका सगळे. मी या माणसाला कोटावरून फार छळलं. आज खरं सांगतो, फोटोच्या वेळी हात मीच नको तेवढा उचलला होता. मापात चूक नव्हती. चुकला तो कोटातला माणूस. यापुढे या घरात कोटाचा विषय निघायचा नाही."

नजर लपवायला मास्तर पेटीवर वाकले. आणि तिथे, ट्रान्सफॉर्मरच्या बगलेत, त्यांना तो रेझिस्टर दिसला.

तपकिरी झाला होता. मधोमध जास्त, कडांना कमी. शिंपी हा रंग ओळखतो. इस्त्री विसरून राहिली की कापडावर हाच रंग उमटतो. ते कापड त्या दिवशी फाटत नाही. घडी घालता येते, गिऱ्हाइकाला देताही येतं. पुढच्या धुण्यात ते हातात येतं.

त्यांनी मीटरचं चाक ओमवर फिरवलं आणि टोकण्या लावल्या. ब्याऐंशी हजार यायला हवे होते. आकडा चढत गेला आणि एक लाख चाळीस हजारांवर जाऊन डळमळत राहिला. मरायला टेकलेला होता तो. मेला नव्हता, एवढंच.

"आता काय मोजताय?" घड्याळजींनी खांद्यावरून डोकावत विचारलं. भिंग कपाळावर असल्यामुळे त्यांना आकडा दिसत नव्हता. "बरोबर आहे ना?"

मास्तरांना पंजाचं वजन अजून खांद्यावर जाणवत होतं. ऊबदार, आपुलकीचं वजन.

"ब्याऐंशी," ते म्हणाले. "बरोब्बर."

"वा!"

"बाबा," लेक म्हणाली, "खिशातून डोकावतोय तो नवा, मोठा आहे ना? लावून टाका की. आलाच आहात तर."

"अजिबात नाही," घड्याळजींनी हात आडवा केला. "चालत्या घड्याळात हात घालायचा नाही, हा माझ्या धंद्याचा पहिला नियम. बरोबर असलेलं काढून दुसरं लावायचं म्हणजे मास्तरांच्या कामाचा अपमान. काय मास्तर?"

"तसं... लावलेला बरा," मास्तर म्हणाले. हे त्यांनी म्हटलं, हे खरं. फक्त इतक्या हळू, की ते पुढच्या दुकानातल्या टिकटिकीत मिसळून गेलं.

"बाबा, खरंच ठीक आहे ना?"

"हो गं. म्हटलं ना, ब्याऐंशी." पुढच्या वेळी येऊ तेव्हा गुपचूप बदलता येईल, त्यांनी स्वतःला सांगितलं. पुढच्या आठवड्यात. नाहीतर त्याच्या पुढच्या. ही पेटी भिंतीपासून लांब ठेवलेली आहे, हवा लागते हिला. बरीच टिकेल.

गुणगुणीचं कारणही सापडलं. ट्रान्सफॉर्मरचा एक नट ढिला झाला होता. पत्रा थरथरत होता, एवढंच. घड्याळजींनी तो स्वतः आवळला आणि तळ बसवला. व्हॉल्व्ह एकेक करून जागेवर गेले. चहा आला. मास्तरांना चांगल्या खुर्चीत बसवण्यात आलं, आणि जावयाने नातीला आणून घड्याळजींच्या मांडीवर ठेवलं.

"रविवारी माझे दोस्त येतात गप्पांना," घड्याळजी प्लग लावत म्हणाले. "त्यांना पेटी उघडून आतलं काम दाखवणार आहे. म्हणावं, बघा, याला म्हणतात मापातलं काम. आणि आज एक शिकलो मी. उगाच भ्यायचं नाही. प्लग काढला की झालं. मग खुशाल हात घालावा. असंच ना मास्तर?"

लेक चहाचा कप हातात धरून उभी होती. पीत नव्हती.

"असंच," मास्तर म्हणाले.

घड्याळजींनी बटण दाबलं. व्हॉल्व्ह लगेच गात नाहीत. तापायला त्यांना वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात ते वीज पीत नसल्यामुळे आतला दाब चारशेच्या पुष्कळ वर चढून बसतो. तो सगळा दाब तोवर त्या एका तपकिरी रेझिस्टरवर असतो. नातीने लाल होऊ लागलेल्या काचेकडे बोट केलं. मंडळी गाणं सुरू व्हायची वाट बघत बसली. त्या खोलीत जळका वास येतोय का, याकडे लक्ष देऊन बसलेला माणूस एकच होता.